त्रेचाळीस डिग्रीचा साहेब

आमच्या कंपनीत सोलर पॅनेलचं तापमान मोजायला एक साहेब होता. सतरा वर्षं होता. त्या सतरा वर्षांत शहरातलं एकही पॅनेल पंचेचाळीस डिग्रीच्या वर तापलं नाही. उन्हाळे आले आणि गेले, रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटलं, कुत्री नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडली. पॅनेल मात्र बेचाळीस, त्रेचाळीस, फारच झालं तर चव्वेचाळीस. याचं कारण हवामान नव्हतं. कारण होता एक छापील फॉर्म. तापमान पंचेचाळीसच्या वर गेलं तर फॉर्मच्या मागच्या बाजूला कारण लिहायचं, फोटो जोडायचा आणि तीन दिवसांनी पुन्हा मोजायला जायचं, असं त्यावर बारीक अक्षरात होतं. साहेबाला मागच्या बाजूला लिहायचा कंटाळा होता. बस, एवढंच. एका माणसाच्या कंटाळ्यापुढे सूर्याने सतरा वर्षं माघार घेतली.

पाठीमागे आम्ही त्याला 'अंदाजपंचे' म्हणायचो. तोंडावर साहेब. इथे मी त्याला सरळ 'तो' म्हणणार आहे. अकरा वर्षं अहो-जाहो करून झालं, तेवढं पुष्कळ झालं.

मी त्याच कंपनीत वायरमन. बाई असून वायरमन, म्हणून गिऱ्हाइकं मला 'वायरमनबाई' म्हणतात, काही जण नुसतंच 'ताई' म्हणतात आणि मग विचारतात, "वायरमन कधी येणार?" पॅनेल जोडणं, तारा ओढणं, बिघाड काढणं हे माझं काम. तापमान मोजणं त्याचं. फॉर्मवर दोन सह्या लागायच्या, एक मोजणाऱ्याची आणि एक 'समक्ष पाहणाऱ्या'ची. दुसरी सही माझी असायची. ही गोष्ट मी आत्ताच सांगून टाकते, कारण नंतर सांगितली तर लपवल्यासारखी वाटेल.

तो मालकाचा मेहुणा. आधी चष्म्याच्या दुकानात बसायचा, दुकान बुडालं. मग पंखे विकले. तेही जमलं नाही. मग मालकिणीने मालकाला सांगितलं, की माझ्या भावाला काहीतरी द्या, पण उन्हात राबायला लावू नका. आणि मालकाने त्याला नेमकं ऊन मोजायचं काम दिलं. घरात शांतता राहिली. बाकी कशाचं काय व्हायचं ते झालं.

त्याच्याकडे तापमानाची गन होती. लाल ठिपका पाडून लांबून आकडा दाखवते ती. ही गन त्याने चामड्याच्या म्यानात घालून कमरेला लावली होती. केस रंगवलेले, मिशी कातरलेली, इस्त्रीचा शर्ट, आणि कमरेला ही गन. गच्चीवर पोचला की तो जिन्याच्या खोलीच्या दारातच थांबायचा. सावली जिथे संपते तिथे त्याच्या बुटांची टोकं संपायची. तिथून हात लांब करून, जे पॅनेल सगळ्यात जवळ असेल त्याच्या काचेवर तिरका ठिपका मारायचा. काच तिरकी मोजली की ती स्वतःचा नाही, वरच्या आभाळाचा गारवा दाखवते. हे मला माहीत होतं. गनच्या खोक्यातल्या माहितीपत्रकातही छापलेलं होतं. त्याने ते पत्रक डब्याखाली घालायला वापरलं होतं. एवढं करूनही आकडा अठ्ठेचाळीस आला, तर तो गनकडे नापसंतीने बघायचा आणि लिहायचा, त्रेचाळीस. पुढे पुढे तर गच्चीवर येणंही बंद झालं. ऑफिसात पंख्याखाली बसून, चहाचा कप फॉर्मच्या कोपऱ्यावर ठेवून, तो दोनशे-अडीचशे छपरांची तापमानं एका दुपारी भरून काढायचा. उंटावरून शेळ्या हाकणारे बघितले होते. याने उंटही ठेवला नव्हता.

आता कोणी म्हणेल, दोन-चार आकडे इकडचे तिकडे झाले, त्यात एवढं काय? तर ऐका. लोकांना वाटतं, ऊन जेवढं कडक तेवढी वीज जास्त. तसं नाही. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलच्या पाठीवर जी वॅटची संख्या छापलेली असते ती पॅनेल पंचवीस डिग्रीला असतानाची. त्याच्यावर एकेक डिग्री चढली की शंभरातला साधारण चार दशांश भाग गळतो. दहा डिग्री चढली, चार टक्के गेले. गच्चीवर कंबरभर उंचीवर पॅनेल बसवलं आणि खालून वारा खेळला, तर ते कमी तापतं. पत्र्याला चिकटवून बसवलं, तर खालून पत्रा भाजतो, वरून सूर्य. म्हणून तापमान मोजायचं असतं. ते मोजलं तरच कळतं, की वीज कमी का येतेय आणि चूक कोणाची आहे. आणि आमच्या मालकाला चूक कोणाची हे कळायला नकोच होतं. त्यामुळे त्रेचाळीस हा आकडा सगळ्यांनाच सोयीचा होता. मलाही. घरी लवकर जायला मिळायचं.

हे असंच चाललं असतं. पण मग दूधकेंद्राचं काम आलं.

गावाबाहेरच्या रस्त्याला दूध थंड करून साठवायचं एक केंद्र आहे. लांबलचक पत्र्याची शेड, आत स्टीलच्या मोठ्या टाक्या, बाजूला दोन कॉम्प्रेसर. केंद्राला बाहेरची वीज मोजकीच मंजूर होती, म्हणून दिवसाचा भार पॅनेलवर टाकायचं ठरलं. मालकाने लोखंड वाचवलं. पॅनेल पत्र्यापासून जेमतेम चार बोटं वर बसवायला लावली. मी म्हटलं, "मालक, खाली हवा राहत नाही." मालक म्हणाले, "छप्पर दिसायला सुबक दिसतं." मी बसवली. सुबक दिसत होतं.

थंडीत सगळं छान चाललं. उन्हाळा लागला तसा दुपारी साडेबारा-एकच्या सुमाराला एक कॉम्प्रेसर आपोआप बंद पडायला लागला. वीज पुरेना. एकदा एक टाकी दूध नासलं, आठ दिवसांनी दुसरी. केंद्राचा मॅनेजर बोलायला मऊ, पण हट्टी माणूस. नासलेलं दूध गटारात सोडताना तो स्वतः नळाशी उभा राहिला होता, म्हणे. दुसऱ्या कोणाला ते काम सांगवेना. त्याने कंपनीला कळवलं. कंपनीने साहेबाला पाठवलं.

साहेब आला. शिडी लोखंडी होती, उभी होती, आणि उन्हात होती. तो खालीच थांबला. अंगणातून वर ठिपका मारला. तो पॅनेलवर पडला की पन्हळीवर, देवाला ठाऊक. मग त्याने फॉर्मवर त्रेचाळीस लिहिलं आणि मॅनेजरला म्हणाला, "तापमान एकदम नॉर्मल आहे. तुमच्याकडे धूळ फार."

"काल पाऊस पडून गेला, साहेब," मॅनेजर म्हणाला.

"पावसाच्या पाण्यातही धूळ असते," तो म्हणाला. "दिवसातून दोनदा धुवायची. अकराला आणि एकला. धूळही जाईल, पॅनेलही गार राहील."

मी सही केली.

धुवायचं काम आलं केंद्रातल्या मावशीकडे. मावशी टाक्या धुवायची, फरशी धुवायची, बरण्या धुवायची. आता पॅनेलही धुवायला लागली. पन्नाशी उलटलेली, किडकिडीत, तोंडाने फटकळ. डोक्याला ओला फडका गुंडाळून, पाइप खांद्यावर टाकून, भर एक वाजता ती त्या शिडीने पत्र्यावर चढायची. एक दिवस मी स्विच बदलायला गेले होते. तिने मला इन्व्हर्टरच्या डब्यापाशी ओढत नेलं.

"वायरमनबाई, हा आकडा म्हणजे वीज ना?"

"हो."

"मी धुतलं की चढतो. मॅनेजरसाहेबांनी मला दाखवलं. आणि वाळलं की उतरतो. पाव तास टिकत नाही."

"बरं मग?"

"बरं मग काय? धूळ काय पाव तासात परत येऊन बसते? आपली वाटच बघत असते का ती कोपऱ्यात?"

 शाळेत न गेलेल्या बाईने, हातात पाइप धरून, जे दोन आठवड्यांत ओळखलं होतं, ते आमच्या साहेबाला सतरा वर्षांत सुचलं नव्हतं. पाण्याने पॅनेल गार व्हायचं, वीज चढायची. पुन्हा तापायचं, वीज उतरायची. याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा? मी तिला म्हटलं, "मी बोलते साहेबांशी." बोलले. तो म्हणाला, "आता झाडूवाल्या बायका मला शिकवणार?" आणि हसला. मीही जरासं हसले. त्याच्यासमोर हसायची सवय होती.

पुढच्या आठवड्यात व्हायचं तेच झालं. भाजून निघालेल्या काचेवर टाकीतलं गार पाणी पडलं आणि एका पॅनेलला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. मावशी दचकली, पाय घसरला, आणि तोल सावरायला तिने उजवा हात पॅनेलच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर पूर्ण दाबून टेकला. तळहातावर एवढाले फोड आले. साहेबाने अहवाल लिहिला, या खेपेस मागच्या बाजूलाही लिहिलं: 'सफाई कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे पॅनेल फुटले. धुलाई नीट होत नसल्याने वीजनिर्मिती कमी.' केंद्राच्या वरच्या कार्यालयाने तो कागद वाचला आणि मावशीला काढून टाकलं. मॅनेजरने दोनदा पत्र लिहिलं, पण वरचे लोक कागदावरच्या सहीला मानतात.

तिला काढलं त्या दिवशी मी तिथेच होते. फुटलेलं पॅनेल उतरवून साहेबाची सही घ्यायला केंद्राच्या ऑफिसात आले होते. तिने ऑफिसात येऊन कागदावर डाव्या हाताने सही केली, कारण उजवा हात पट्टीत होता. सही लहान पोरासारखी वाकडीतिकडी झाली. मग तिने साहेबाकडे बघून विचारलं, "साहेब, त्रेचाळीस डिग्रीला हात भाजतो का हो?"

तो म्हणाला, "प्रत्येकाची कातडी वेगळी असते."

माझ्या आयुष्यात मी बरीच हलकी वाक्यं ऐकली आहेत. बिघाड झाला की माणसं वाटेल ते बोलतात. पण इतकं हलकं, आणि इतक्या सहज, शर्टाचा कफ नीट करता करता बोललेलं दुसरं वाक्य मी ऐकलेलं नाही. मला त्याचा राग आला नाही. राग यायला समोर थोडा तरी माणूस लागतो. आली ती शिसारी, आणि तीही अर्धीमुर्धीच त्याची, उरलेली माझी. त्या कागदावरच्या आकड्याखाली दुसरी सही कोणाची होती?

आमच्या कंपनीच्या ऑफिसात त्याच्या कपाटातल्या खालच्या कप्प्यात एक खोकं होतं. सहा वर्षांपूर्वी मालकाने कोणत्या तरी तपासणीला दाखवण्यासाठी विकत घेतलेलं. आत बारा सेन्सर, तारा, आणि दर पाच मिनिटांनी आकडा नोंदवणारं एक छोटं यंत्र. सील तसंच होतं. त्यावर तो जेवणाचा डबा ठेवायचा. मी डबा उचलून टेबलावर ठेवला आणि खोकं काखेत मारून बाहेर पडले. मालकाला विचारलं नाही. मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "तुम्हाला काय लागेल ते सांगा. शिडी मी धरतो." आणि खरंच धरली.

सेन्सर काचेवर नाही लावत. पॅनेलच्या पाठीवर, एका चौकोनी सेलच्या बरोबर मध्ये, चांदीसारख्या चिकटपट्टीने घट्ट दाबून लावतात, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. पण पाठीखाली चारच बोटं जागा. म्हणून सकाळी सहाला, पत्रा गार असताना, मी पॅनेलचे बोल्ट काढून एकेक पॅनेल उचललं, सेन्सर चिकटवला, पुन्हा बसवलं. नऊ पॅनेलना नऊ. उरलेले तीन सेन्सर मी वेगळ्याच कामाला लावले: तीन पॅनेल तिथून काढून, शेजारीच लोखंडी पायांवर कंबरेइतकी उंच बसवली, तोंड त्याच दिशेला. ऊन तेच, दिवस तोच, पॅनेल त्याच खेपेतली. फरक फक्त खालच्या वाऱ्याचा. हवेचं तापमान मोजायला साधं थर्मामीटर भिंतीच्या सावलीत टांगलं आणि मॅनेजरला सांगितलं, की दर तासाला वाचा. त्याने वही घातली आणि एक तास चुकवला नाही. जेवायला बसलेला असला तरी खरकट्या हाताने उठून जायचा.

नऊ दिवस मोजलं. हवा अडतीसच्या आसपास. पत्र्याला चिकटलेली पॅनेल दुपारी साडेबारा ते अडीच या वेळात सत्तर, एकाहत्तर, बहात्तर. मधलं एक तर चौऱ्याहत्तरला जाऊन आलं. कंबरेइतकी उंच बसवलेली तीन अठ्ठावन्न ते साठ. म्हणजे बघा. बहात्तर डिग्रीला शंभरातले जवळजवळ एकोणीस भाग नुसत्या उष्णतेने गळत होते. उंच पॅनेलचे चौदाच्या आत. आणि साहेबाच्या त्रेचाळीसप्रमाणे गळायला हवे होते सात. सात आणि एकोणीस यांच्यामधले बारा त्याने धुळीच्या आणि मावशीच्या डोक्यावर थापले होते.

मॅनेजरने मालकाला आणि साहेबाला बोलावून घेतलं. केंद्राच्या ऑफिसात टेबलावर मी कागद मांडला. मालकाने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. साहेबाने कागदाला हातही लावला नाही.

"हे यंत्र बिघडलेलं आहे," तो म्हणाला.

"सील मी फोडलं, साहेब. नवंकोरं होतं."

"पडून पडून बिघडलं असेल."

"बाराच्या बारा सेन्सर बिघडले? आणि सकाळी सहा वाजता सगळे बरोबर हवेइतकाच आकडा दाखवतात, ते कसं?"

"तू वायरमन आहेस," तो म्हणाला. "मोजणी हे वेगळं शास्त्र आहे."

नाचता येईना अंगण वाकडं हे माहीत होतं. याला अंगणात पाऊलही न टाकता ते वाकडं दिसत होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात मॅनेजर फार नम्रपणे म्हणाला, "साहेब, यंत्र राहू द्या. पावणेएक झालाय. आपण वर जाऊ. त्रेचाळीस म्हणजे काय, आंघोळीच्या कढत पाण्याइतकं. तुम्ही पॅनेलवर हात ठेवा. दहा आकडे मोजेपर्यंत ठेवलात, की तुमचा अहवाल खरा. मी वरच्या कार्यालयाला तसं लिहून देतो."

 मालक खिडकीबाहेर बघत होते. मेहुण्याने काहीतरी कारण सांगून निसटावं अशी त्यांची फार इच्छा असणार. पण त्याला काय झालं कोण जाणे, तो उठला. कदाचित त्याला स्वतःचा आकडा इतक्या वेळा लिहून लिहून खरा वाटायला लागला असेल. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं; याला तेही ठेवायचा कंटाळा आला असावा.

शिडी चढायला त्याला बराच वेळ लागला. वर पोचला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. पत्र्यावरून उठणाऱ्या धगीने समोरची झाडं पाण्यात दिसावीत तशी हलत होती. सतरा वर्षं ज्या कामाचा पगार घेतला, त्या कामाच्या जागेवर तो बहुधा पहिल्यांदाच भर दुपारी उभा होता. त्याने इकडे तिकडे बघितलं. मग खिशातून रुमाल काढला.

"रुमाल नको, साहेब," मॅनेजर म्हणाला.

त्याने रुमाल ठेवला आणि तळहात काचेवर टेकवला. मॅनेजर मोजू लागला, "एक..."

दोन म्हणायची वेळच आली नाही. त्याने हात असा खेचला, की कोपर माझ्या हनुवटीला लागलं. मग तो हातावर फुंकर मारत राहिला, काखेत दाबून धरला, पुन्हा फुंकर मारली. डोळ्यांत पाणी आलं होतं. मालक, मॅनेजर आणि मी, तिघं बघत उभे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इतकं शब्दशः घडलेलं मी दुसरं बघितलेलं नाही. मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलेल. माणूस आहे, चटका बसलाय, एक तरी खरा शब्द बाहेर पडेल.

तो म्हणाला, "चव्वेचाळीस असेल फार तर." आणि मग माझ्याकडे वळून, "तुझ्याकडे मलम आहे का गं?"

मी मलम दिलं. माझ्या हत्यारांच्या पेटीत असतंच. तेच मलम तीन आठवड्यांपूर्वी मावशीच्या हाताला लावलं होतं.

त्यानंतर गोष्टी मार्गी लागल्या; न्याय म्हणतात तसं काही झालं नाही. मालकाने निमूटपणे लोखंड आणलं आणि केंद्रावरची सगळी पॅनेल उंच बसवून दिली. ती बसवायला मला आणि दोन माणसांना सतरा दिवस लागले. त्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर पुन्हा एकदाच बंद पडला, आणि तो उंदराने वायर कुरतडली म्हणून. साहेबाला काढलं नाही. मालकिणीचा भाऊ कुठे जाणार? त्याला 'सल्लागार' केलं, त्याला खिडकीपाशी टेबल दिलं, आणि मोजणीचं काम माझ्याकडे आलं. पगार होता तोच ठेवून.

मी आणि मॅनेजर मावशीच्या घरी गेलो. एका खोलीचं घर, दाराशी धुतलेले डबे पालथे घातलेले. मॅनेजरने सांगितलं, की वरच्या कार्यालयाने मान्य केलं आहे, तुम्ही परत या.

"माफी कोण मागणार?" तिने विचारलं.

"मी मागतो," मॅनेजर म्हणाला.

"तुम्ही कशाला? तुम्ही तर पत्रं लिहिलीत. ज्याने लिहिलं त्याने मागायची."

मी दुसऱ्या दिवशी त्याला निरोप दिला. तो पेपर वाचत होता. म्हणाला, "मी तिच्याबद्दल वैयक्तिक काहीच लिहिलं नव्हतं. मी 'सफाई कर्मचारी' लिहिलं होतं." हे उत्तर मी मावशीला जसंच्या तसं जाऊन सांगितलं. तिने हातातला डबा पुसून पालथा घातला. मग म्हणाली, "त्याच्या आकड्याखाली तुझी पण सही असायची ना?"

"असायची."

"वर न जाताच?"

"कधी कधी वर जाऊन. पण हो."

"मग तू निरोप कसले आणतेस?" ती म्हणाली. ओरडून नाही, डब्यातलं पाणी झटकावं तशी. मी उठून आले. ती केंद्रावर परत गेली नाही. दवाखान्याच्या लाँड्रीत लागली. रस्त्यात भेटली की बोलते, पण थांबून नाही.

तेव्हापासून मी जुन्या छपरांची पुन्हा मोजणी करते आहे. दोनशे चौदा छपरं, त्यातली एकसष्ट झाली. शाळा, छापखाना, दोन गोदामं, एक पिठाची गिरणी. कुठेही त्रेचाळीस नाही. सत्य इतकं सरसकट असू शकतं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. एकेका ठिकाणी मालकाला सांगावं लागतं, की आम्ही इतकी वर्षं तुम्हाला खोटं लिहून देत होतो. काही जण शिव्या देतात. मी ऐकून घेते. अर्ध्या माझ्याच असतात.

तो गेल्या वर्षी निवृत्त झाला. मालकांनी सत्कार केला आणि भाषणात म्हणाले, की यांच्या कारकिर्दीत तापमानाची एकही तक्रार आली नाही. टाळ्या वाजल्या. तो उभा राहून हात जोडून हसला. चटक्याचा डाग कधीच गेला होता.

आणि मग, दोन महिन्यांनी, त्याचा मला फोन आला. घराच्या गच्चीवर पॅनेल बसवायची आहेत, तूच ये, बाकीच्यांचा भरवसा नाही. मी गेले. त्याने गच्चीवर खडूने जागा आखून ठेवली होती. स्वतः डोक्याला टॉवेल बांधून भर उन्हात उभा होता.

"हे बघ," तो म्हणाला, "चांगली तीन फूट उंच घे. खालून वारा खेळला पाहिजे. पत्र्याची बाजू टाळ, तिथे धग मारते. आणि कडेला दोन फूट सोड. पॅनेल तापलं की वीज गळते, माहीत आहे ना तुला?"

 मी इतकी वर्षं समजत होते, की त्याला कळत नाही. आळशी आहे, मठ्ठ आहे, मेहुणा आहे, कळत नाही बिचाऱ्याला. माझ्या तिरस्कारात तेवढी एक दया शिल्लक होती. ती त्या गच्चीवर संपली.

"माहीत आहे, साहेब," मी म्हटलं, आणि तीन फूट उंच बसवून दिली. काम ते काम. बोल्ट वाकडा मारून सूड घेणाऱ्यांतली मी नाही. पाठीला सेन्सर चिकटवला आणि आकड्याचा डबा जिन्यापाशी लावला.

त्याची बायको चहा घेऊन वर आली. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई, अबोल. मी तिला त्याआधी दोनदाच पाहिलं होतं. तो अंग धुवायला खाली गेल्यावर तिने डब्याकडे बोट दाखवलं.

"हे काय दाखवतं?"

"पॅनेल किती तापलंय ते."

ती वाकून वाचू लागली. आकडा सत्तावन्न होता. "इतक्या उंचीवरही एवढं?" तिने विचारलं. "मग हे कागदावर त्रेचाळीस लिहायचे ते कुठलं?"

मी चहाचा कप उचलला. तिने माझ्याकडे बघितलं, मग जिन्याकडे बघितलं, आणि पुढे विचारलं नाही. शिकवणाऱ्या माणसाला एक उदाहरण पुरतं. मग पदराने डब्यावरची धूळ पुसून ती म्हणाली, "कोणत्या वेळेला वाचायचं असतं? मला लिहून द्या. मी वाचत जाईन."

मी वेळा लिहून दिल्या.